नेस्टिंग बरोबर आहे का? एकात एक बसवलेले टॅग तपासण्याची पद्धत

ब्राउझरमध्ये पान नीट दिसतंय म्हणजे टॅगही नीट आहेत, असं वेब शिकायला लागलेल्या बहुतेकांना वाटतं. हा समज आधी सोडा. ब्राउझर चुकीचं एचटीएमएल नाकारत नाही, तो ते न बोलता दुरुस्त करून दाखवतो. ही दुरुस्ती त्याच्या नियमांनी होते, तुमच्या मनातल्या रचनेप्रमाणे नाही. मग सीएसएसचा नियम लागू होत नाही, जावास्क्रिप्टला घटक सापडत नाही, फूटर साइडबारमध्ये जाऊन बसतो आणि आपण तासभर सीएसएसच उकरत राहतो. अशा वेळी आधी नेस्टिंग तपासावं. ते कसं तपासायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

एक सूचना आधीच. या लेखात एचटीएमएलच्या टॅगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत: पी (परिच्छेद), डिव्ह (चौकट), युएल (यादी), एलआय (यादीतली नोंद), बी (ठळक), आय (तिरपं), ए (लिंक). तुमच्या फाइलमध्ये ती रोमन अक्षरांतच लिहायची. एक्सएमएलची (म्हणजे आपणच ठरवलेल्या टॅगांनी माहिती साठवायच्या भाषेची) उदाहरणं मात्र जशी दिसतात तशीच चालतात, कारण एक्सएमएलमध्ये टॅगचं नाव देवनागरीत ठेवायला पूर्ण मुभा आहे.

पहिली पायरी: तीन प्रश्न वेगळे ठेवा

“टॅग बरोबर आहेत का?” या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात. पहिला: उघडलेला प्रत्येक टॅग योग्य क्रमाने बंद झाला आहे का? एक्सएमएलच्या भाषेत याला वेल-फॉर्म्ड असणं म्हणतात. दुसरा: जो टॅग ज्याच्या आत ठेवला आहे, तो तिथे ठेवायला परवानगी आहे का? व्हॅलिड असणं ते हे. तिसरा: चूक असेल तर ब्राउझर किंवा पार्सर (फाइल वाचून टॅग ओळखणारा प्रोग्राम) तिचं काय करणार? पहिल्याचं उत्तर निव्वळ यांत्रिक आहे, ते कागदावरही काढता येतं. दुसऱ्यासाठी त्या त्या भाषेचे नियम माहीत हवेत. तिसऱ्याचं उत्तर एचटीएमएल आणि एक्सएमएलमध्ये अगदी उलट आहे. हे तीन प्रश्न एकत्र केले की व्हॅलिडेटरचे, म्हणजे टॅग तपासणाऱ्या साधनाचे, संदेश कळेनासे होतात.

दुसरी पायरी: एकदा हाताने तपासा

हा तुकडा पाहा. ओळींना क्रमांक आहेत असं धरून चाला.

<कवितासंग्रह>
  <कविता>
    <शीर्षक>पाऊस</शीर्षक>
    <कडवे>
      <ओळ>आभाळ भरून आले</ओळ>
      <ओळ>अंगणात <ठळक>थेंब पडले</ओळ></ठळक>
    </कडवे>
  </कविता>
</कवितासंग्रह>

पुष्कळ जण इथे मोजणी करतात. ओपनिंग टॅग सात, क्लोजिंग टॅगही सात. एकेक नाव घेऊन मोजलं तरी हिशेब जुळतो: ओळ दोनदा उघडली, दोनदा बंद झाली; ठळक एकदा उघडला, एकदा बंद झाला. तरीही हा तुकडा चुकीचा आहे, कारण मोजणीला क्रम कळत नाही.

क्रम कळतो तो स्टॅकला. स्टॅक म्हणजे ताटांची चळत: नवं ताट वर ठेवायचं आणि काढायचं तेही वरूनच. फाइल पहिल्या अक्षरापासून वाचायला लागा. ओपनिंग टॅग आला की त्याचं नाव चळतीवर ठेवा. क्लोजिंग टॅग आला की चळतीवर सगळ्यात वर कोणतं नाव आहे ते पाहा. तेच असेल तर ते काढा आणि पुढे जा. दुसरं काही असेल तर तिथेच थांबा, चूक सापडली.

वरच्या तुकड्यात कवितासंग्रह, कविता आणि शीर्षक एकावर एक जातात. शीर्षक लगेच निघतं. मग कडवे, त्यावर ओळ, ओळ निघते. सहाव्या ओळीवर पुन्हा ओळ चढते, तिच्यावर ठळक. आता क्लोजिंग टॅग येतो तो ओळीचा, पण चळतीच्या माथ्यावर आहे ठळक. दोघं एकमेकांत अडकले आहेत. ठळक ओळीच्या आत सुरू झाला, तर तो ओळीच्या आतच संपायला हवा.

चूक चार प्रकारे समोर येते. माथ्यावरचं नाव जुळत नाही, हा पहिला प्रकार आत्ता पाहिला. क्लोजिंग टॅग आला आणि चळत रिकामी असली, तर एक क्लोजिंग टॅग जास्तीचा आहे. फाइल संपली आणि चळतीत नावं उरली, तर ते टॅग बंद करायचे राहिले. चौथा प्रकार फक्त एक्सएमएलचा आहे: चळत मध्येच पूर्ण रिकामी झाली आणि पुढे नवा टॅग सुरू झाला. एक्सएमएलच्या दस्तऐवजाला सर्वांना पोटात घेणारा एकच मूळ टॅग लागतो, दोन चालत नाहीत.

हे तुम्ही स्वतः प्रोग्राममध्ये लिहून पाहावं असा माझा आग्रह आहे. पायथनच्या सोबत येणारं एचटीएमएल-पार्सर मॉड्यूल प्रत्येक ओपनिंग आणि क्लोजिंग टॅगला तुमचं फंक्शन बोलावतं, पण नेस्टिंग तपासत नाही. ते काम तुम्ही स्टॅक म्हणून ठेवलेल्या यादीचं. पंधरा-वीस ओळींत तपासनीस तयार होतो आणि व्हॅलिडेटर आतून काय करतो ते कायमचं समजतं. मात्र हे सगळं एका रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातला नमुना शोधायच्या सूत्रात) बसवायला जाऊ नका. एकेक टॅग ओळखायला रेग्युलर एक्स्प्रेशन ठीक आहे. कितीही खोल जाणाऱ्या जोड्या जुळवायला मात्र आठवण लागते, आणि ती आठवण म्हणजेच स्टॅक. निव्वळ रेग्युलर भाषेला ती नसते. हे सैद्धांतिक संगणकशास्त्रात सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे आणखी हुशार पॅटर्न शोधण्यात वेळ घालवू नका.

तिसरी पायरी: टॅग कोणता आणि नुसता मजकूर कोणता

स्टॅकचा भाग सोपा आहे. नवखा तपासनीस चुकतो तो टॅग ओळखण्यात. टॅगसारखं दिसणारं सगळंच टॅग नसतं.

कॉमेंटच्या आतले टॅग मोजायचे नाहीत. कॉमेंटच्या आत कॉमेंटही ठेवता येत नाही: बाहेरची कॉमेंट पहिल्याच समाप्तीच्या खुणेपाशी संपते आणि उरलेला भाग मजकूर म्हणून बाहेर येतो. आधीच कॉमेंट असलेला मोठा तुकडा तात्पुरता बंद करताना नेमकं हेच घडतं. एक्सएमएलच्या सीडेटा विभागातलं सगळंही शब्दशः मजकूर असतं, त्यात कितीही कोनकंस असोत. एचटीएमएलमध्ये स्क्रिप्ट आणि स्टाइल या टॅगांच्या आतलं टॅग म्हणून वाचलं जात नाही, त्यामुळे जावास्क्रिप्टच्या स्ट्रिंगमध्ये लिहिलेला डिव्ह स्टॅकवर चढवू नका.

अ‍ॅट्रिब्यूटच्या (टॅगमध्ये नावापुढे लिहिलेल्या जास्तीच्या माहितीच्या) अवतरणचिन्हांत “मोठा आहे” ही खूण आली तर टॅग तिथे संपत नाही. भोळा तपासनीस मात्र तिथेच टॅग संपला असं समजतो. उलट बाजूला, एक्सएमएलच्या मजकुरात “वय < १८” असं थेट लिहिलं तर पार्सर थांबतो, कारण त्याला तिथे टॅग सुरू झाल्यासारखं वाटतं. तिथे त्या खुणेची एंटिटी वापरावी लागते: अँपरसँड, मग एलटी ही दोन रोमन अक्षरं, मग अर्धविराम.

देवनागरी नावं वापरत असाल तर

हा भाग इतर भाषांतल्या मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही, आणि मराठी कोश, कवितासंग्रह किंवा हवामानाची नोंद एक्सएमएलमध्ये ठेवणाऱ्याला तो नक्की लागतो.

<वाऱ्याचा_वेग> हा टॅग घ्या. त्यातलं “ऱ्या” तीन प्रकारे टाइप होऊ शकतं. एक, ऱ हे स्वतंत्र युनिकोड अक्षर, क्रमांक ०९३१. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. तीन, र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य अक्षर. डोळ्यांना तिन्ही सारखे दिसतात, पण एक्सएमएलचा पार्सर नावं अक्षरक्रमांकांनुसार ताडून पाहतो, दिसण्यावरून नाही. ओपनिंग टॅग एका कीबोर्डवर आणि क्लोजिंग टॅग दुसऱ्यावर टाइप झाला, की पार्सर सांगतो, टॅग जुळत नाहीत. आणि तुम्ही दोन्ही नावांकडे बघून म्हणता, जुळतात की! अशा वेळी ओपनिंग टॅगमधलं नाव कॉपी करून क्लोजिंग टॅगमध्ये चिकटवा. चूक गेली, तर कारण हेच होतं.

दुसरा सापळा विसर्गाचा. पुष्कळ जण विसर्गाऐवजी कोलन टाइप करतात. मजकुरात ते खपून जातं, टॅगच्या नावात नाही. एक्सएमएलमध्ये कोलन नेमस्पेससाठी (टॅगच्या नावांचे गट वेगळे ठेवायच्या सोयीसाठी) राखीव आहे, त्यामुळे कोलन घातलेल्या <दु:ख> मधला “दु” पार्सरला नेमस्पेसचा उपसर्ग वाटतो आणि तो घोषित केलेला नाही अशी तक्रार येते. खरा विसर्ग वापरलेला <दुःख> बिनबोभाट चालतो. नावात मोकळी जागाही नको. <पहिली ओळ> असं लिहिलं तर “ओळ” हा किंमत न दिलेला अ‍ॅट्रिब्यूट ठरतो. जोडायचं असेल तर अंडरस्कोअर वापरा.

आणि ही नावं एचटीएमएलमध्ये नेऊ नका. तिथे टॅगचं पहिलं अक्षर रोमनच असावं लागतं. <कविता> असं लिहिलं तर ते पानावर मजकूर म्हणून छापलं जातं, आणि त्याचा क्लोजिंग टॅग ब्राउझर कॉमेंट मानून गिळून टाकतो.

चौथी पायरी: एचटीएमएलचे स्वतःचे नियम

एक्सएमएल १.० हे डब्ल्यू३सी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने फेब्रुवारी १९९८ मध्ये मान्य केलं, आणि त्यात एक कठोर अट आहे: वेल-फॉर्म्डपणाची चूक सापडली की पार्सरने नेहमीसारखं काम पुढे चालू ठेवायचं नाही. हीच शिस्त वेब पानांनाही लावावी म्हणून २००० च्या जानेवारीत एक्सएचटीएमएल १.० आलं. एक टॅग चुकला तर वाचकाला पानाऐवजी एरर दिसणार, हे वेबवर लिहिणाऱ्यांच्या पचनी पडलं नाही. पुढे २००४ मध्ये अ‍ॅपल, मोझिला आणि ऑपेरातल्या लोकांनी डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी हा गट सुरू केला आणि वेगळा मार्ग घेतला: चूक कशी दुरुस्त करायची हेच एचटीएमएलच्या प्रमाण नियमांत पायरी-पायरीने लिहून ठेवायचं, म्हणजे सगळे ब्राउझर ती एकसारखी दुरुस्त करतील. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. पण त्याचा एक परिणाम असा की शिकणाऱ्याला त्याची चूक कुणी सांगत नाही.

एचटीएमएलमध्ये स्टॅक चालवताना दोन सवलती लक्षात ठेवा. तेरा टॅग असे आहेत की ज्यांना क्लोजिंग टॅग नसतोच: बीआर, एचआर, आयएमजी, इनपुट, मेटा, लिंक, बेस, कोल, एम्बेड, एरिया, सोर्स, ट्रॅक आणि डब्ल्यूबीआर. ते स्टॅकवर ठेवायचे नाहीत. दुसरी सवलत, पी, एलआय, टीआर, टीडी, ऑप्शन अशा काही टॅगांचा क्लोजिंग टॅग गाळला तरी नियमभंग होत नाही. नियमभंग नसला तरी शिकण्याच्या काळात तो गाळू नका. रिअ‍ॅक्टकडून आलेल्यांसाठी एक इशारा: जेएसएक्समध्ये रिकामा डिव्ह शेवटी तिरकी रेघ देऊन बंद करता येतो, एचटीएमएलमध्ये ती रेघ दुर्लक्षिली जाते. डिव्ह उघडाच राहतो आणि पुढचं पान त्याच्या पोटात जातं.

आता नियमांकडे. सगळ्यात जास्त फसवणारा टॅग पी आहे. परिच्छेदात यादी, तक्ता, शीर्षक किंवा डिव्ह ठेवता येत नाही. समजा तुम्ही असं लिहिलं:

<पी>बाजारातून आणायचं:
<युएल><एलआय>कोथिंबीर</एलआय></युएल>
</पी>

स्टॅकच्या हिशेबाने यात दोष नाही. पण युएल दिसताच ब्राउझर पी स्वतःहून बंद करतो. यादी परिच्छेदाच्या बाहेर पडते, आणि शेवटच्या क्लोजिंग टॅगसाठी उघडा पी उरलेला नसल्यामुळे ब्राउझर एक नवा रिकामा पी तयार करतो. पी ला दिलेला रंग यादीपर्यंत पोचत नाही, आणि पी ला पॅडिंग दिलं असेल तर खाली कारण नसलेली मोकळी पट्टी दिसते. दोन्ही लक्षणं सीएसएसची वाटतात, मूळ मात्र नेस्टिंगमध्ये असतं.

बी आणि आय सारखे टॅग एकमेकांत अडकवले तर वेगळंच घडतं.

<पी>१<बी>२<आय>३</बी>४</आय>५</पी>

याचं ब्राउझर असं करतो:

<पी>१<बी>२<आय>३</आय></बी><आय>४</आय>५</पी>

तुम्ही आय एकदाच लिहिलात, ब्राउझरने बनवलेल्या घटकांच्या झाडात मात्र तो दोनदा आहे. त्याला आयडी दिलेला असेल तर एकच आयडी आता दोन घटकांवर आहे. बी बंद करायला विसरलात तर तो पुढच्या परिच्छेदांत पुन्हा पुन्हा उघडला जातो. एका शब्दापासून सुरू झालेला ठळकपणा पानभर पसरला, की पहिला संशय यावरच घ्या.

तक्त्यात टीडी किंवा टीएचच्या बाहेर लिहिलेला मजकूर ब्राउझर उचलून तक्त्याच्या आधी ठेवतो. फॉर्मच्या आत दुसरा फॉर्म उघडला तर आतला ओपनिंग टॅग सरळ टाकून दिला जातो. ए च्या आत दुसरा ए किंवा बटण नको. युएलच्या थेट आत एलआयच हवा. दोन एलआयच्या मध्ये दुसरा युएल ठेवणं ही उपयाद्यांमधली नेहमीची चूक आहे, उपयादी एलआयच्या आत जायला हवी.

काही चुका ब्राउझर दुरुस्तही करत नाही. स्पॅनच्या आत डिव्ह ठेवला तर तो तसाच राहतो, दिसतोही नीट, पण नियमाने चूक आहे. ए च्या आत डिव्ह चालतो. मात्र तो ए स्वतः ज्याच्या आत आहे तिथे डिव्ह चालत असेल तरच. म्हणजे पी, त्यात ए, त्यात डिव्ह हे चालत नाही.

पाचवी पायरी: साधनं, आणि त्यांचे संदेश वाचायची रीत

एक्सएमएलसाठी एक्सएमएललिंट हे कमांड-लाइन साधन पुरेसं आहे. त्याला नोआउट हा पर्याय दिला की ते फाइल परत न छापता फक्त चुका सांगतं. एचटीएमएलसाठी डब्ल्यू३सीचा व्हॅलिडेटर वापरा: पानाचा पत्ता द्या, फाइल चढवा किंवा कोड थेट चिकटवा. मराठी ई-बुक करत असाल तर ईपबचेक (ईपब या ई-बुक स्वरूपाचा तपासनीस) चालवल्याशिवाय फाइल कुणाला देऊ नका. ईपबच्या आतली पानं एक्सएचटीएमएल असतात, म्हणजे तिथे ब्राउझर चूक न बोलता दुरुस्त करतो ती सवलत नाही.

संदेश वाचताना एक गोष्ट पक्की धरा: साधन सांगतं ती ओळ चूक कळल्याची असते, चूक झाल्याची असेलच असं नाही. वरच्या कवितेतली सहावी ओळ आधी दुरुस्त करा आणि मग पाचव्या ओळीचा </ओळ> पुसून टाका. तक्रार येईल ती कडवे बंद होतं तिथे, कारण तोवर न जुळणारं काही आलेलंच नसतं. मग कविता, मग कवितासंग्रह, प्रत्येक ठिकाणी एकेक तक्रार लागोपाठ येऊ शकते. चूक एकच. म्हणून फक्त पहिली तक्रार वाचा, तिथून वरच्या दिशेने शोधा, दुरुस्त करा आणि पुन्हा चालवा. वीस तक्रारींची यादी एकेक करून सोडवायला बसणाऱ्याने नव्या चुका घातलेल्या मी पाहिल्या आहेत.

“नो पी एलिमेंट इन स्कोप” असा संदेश आला तर पी च्या आत न चालणारं काहीतरी ठेवलं आहे. “स्ट्रे एंड टॅग” म्हणजे जास्तीचा क्लोजिंग टॅग. “अनक्लोज्ड एलिमेंट” म्हणजे बंद करायचा राहिलेला. “नॉट अलाउड अ‍ॅज चाइल्ड” म्हणजे जोड्या जुळल्या आहेत, पण जागा चुकली.

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला एलिमेंट्स टॅब यासाठी वापरू नका. तिथे दुरुस्ती झाल्यानंतरचं झाड दिसतं, त्यात प्रत्येक टॅग नीट बंद झालेलाच असणार. मूळ कोड “व्ह्यू सोर्स” मध्ये दिसतो, आणि फायरफॉक्समध्ये तिथे चुकीचे टॅग लाल रंगात दिसतात. दोन्ही शेजारी उघडून ताडून पाहिले की ब्राउझरने कुठे काय हलवलं ते लगेच कळतं.

टेम्प्लेट असतील तर

वर्डप्रेसची थीम किंवा कोणतंही टेम्प्लेट घ्या: हेडरच्या फाइलमध्ये डिव्ह उघडतो आणि फूटरच्या फाइलमध्ये बंद होतो. यातली एकेक फाइल तपासली तर दोन्ही चुकीच्या ठरतील. म्हणून तपासायचं ते सर्व्हरने तयार केलेलं अंतिम पान. व्ह्यू सोर्स उघडा, सगळं कॉपी करा, व्हॅलिडेटरच्या चौकटीत चिकटवा.

त्यातही एक जागा नेहमी निसटते: ओपनिंग टॅग “जर” च्या अटीच्या आत आणि क्लोजिंग टॅग बाहेर. वापरकर्ता लॉगिन असताना पान बरोबर, नसताना एक डिव्ह जास्तीचा बंद होतो. अशा टेम्प्लेटमधून निघणाऱ्या प्रत्येक स्थितीचं पान वेगळं तपासा: लॉगिन असताना, नसताना, यादी रिकामी असताना, यादीत एकच नोंद असताना. आणि शक्य असेल तिथे ज्या अटीत टॅग उघडला त्याच अटीत तो बंद करा, मग या चारही तपासण्या एकाच निकालावर येतात.